जेरी राइस सर्वांत वेगवान नव्हता, तरी त्याचे विक्रम का मोडत नाहीत?

प्रश्न असा आहे: जेरी राइसची चाळीस यार्ड पळण्याची वेळ साधारण होती, कॉलेजही आडबाजूचं, तरी अमेरिकन फुटबॉलमध्ये तो २० हंगाम टिकला आणि चेंडू झेलून काढलेल्या त्याच्या एकूण यार्डांच्या आसपासही आजवर कुणी पोचलेलं नाही. हे मेहनतीमुळे झालं, की संघ आणि नशीब यांचा वाटा जास्त? आणि त्याचा खेळ समजून घ्यायचा तर कोणते सामने बघावेत?

आधी उत्तर, मग कारणं. राइसचा वेग मोडत नसे, यात त्याचं सगळं बळ आहे. बहुतेक रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, तीन ठिकाणी मंदावतात: दिशा बदलताना, चेंडू हातात येताना, आणि सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत. राइस या तिन्ही ठिकाणी जवळजवळ पहिल्याच वेगात असे. संघाचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. पण त्या संघाची पद्धत याच गुणाला सर्वांत जास्त दाम देणारी होती, म्हणून ही जोडी जमली.

खेळ नव्याने बघणाऱ्यांसाठी दोन ओळी. मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर ठरलेल्या वाटेने, म्हणजे 'रूट'ने, धावत जाऊन तो झेलतो. समोर कॉर्नरबॅक हा बचावपटू असतो, त्याच्या मागे सेफ्टी हा दुसरा. १९७८ च्या नियमानुसार बचावपटूला पहिल्या पाच यार्डांपर्यंतच रिसीव्हरला ढकलता, अडवता येतं, त्यापुढे नाही. म्हणजे पाच यार्डांची झटापट आणि पुढे दिशा बदलण्याची कला, असे या कामाचे दोन भाग पडतात.

आता आकडे. १९८५ ते २००४ या काळात नियमित हंगामाचे ३०३ सामने, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, झेल घेऊन १९७ टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणं), आणि बाकीच्या मार्गांनी केलेले धरून २०८. त्यातले १,२८१ झेल आणि १९,२४७ यार्ड सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सकडून १६ हंगामांत आले. पुढे ओकलंड रेडर्सकडून २४३ झेल, सिअॅटल सीहॉक्सकडून २५. एकूण अंतर काढलं तर जवळजवळ २१ किलोमीटर भरतं. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ यार्डांवर थांबला. मधली दरी ५,४०३ यार्डांची आहे, आणि चांगल्या रिसीव्हरला तेवढे जमवायला चार ते पाच हंगाम लागतात.

सामन्यामागची सरासरी पाहिली तर मात्र राइस पहिला नाही. त्याचे सामन्यामागे ७५.६ यार्ड होतात. डेट्रॉइट लायन्सचा रिसीव्हर कॅल्व्हिन जॉन्सन याचे ८६.१. जॉन्सनची चाळीस यार्डांची वेळ ४.३५ सेकंद, अंगाने तो राइसपेक्षा कितीतरी थोराड, आणि एका हंगामातला राइसचा १९९५ चा १,८४८ यार्डांचा विक्रमही त्यानेच २०१२ मध्ये १,९६४ वर नेला. पण तो नऊ हंगाम खेळून तिशीत निवृत्त झाला. राइसबद्दल बोलताना म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: तो इतका चांगला कसा झाला, आणि तितकाच चांगला इतकी वर्षं कसा राहिला.

चाळीस यार्डांच्या चाचणीत खेळाडू वाकून उभा राहतो, स्वतःच्या मर्जीने सुटतो आणि सरळ पळतो. समोर माणूस नाही, चेंडू नाही, वळण नाही. राइसची वेळ ४.७१ सांगितली जाते. रिसीव्हरसाठी ती मंदच. पण या चाचणीत थांबणं आणि वळणं मोजलंच जात नाही. पूर्ण वेगातल्या रिसीव्हरला दिशा बदलायची असते तेव्हा नवखा खेळाडू पाच-सहा आखूड पावलं टाकतो आणि छाती वर उचलतो. कॉर्नरबॅक नेमका याच खुणेची वाट बघत असतो. खांदे उचलले की त्याला कळतं, आता वळणार. कसलेला रिसीव्हर खांदे पुढे झुकलेलेच ठेवतो, कंबर खाली घेतो आणि दोन-तीन पावलांत वळण कापतो. राइसच्या कोणत्याही चित्रफितीत हे बघा: वळणाच्या आधीच्या पावलापर्यंत तो सरळच पळत सुटणार असं वाटतं.

ही शिस्त आली कुठून, याबद्दल विटांची गोष्ट नेहमी सांगतात. राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, स्टार्कव्हिल इथला. वाढला मिसिसिपीतल्याच क्रॉफर्ड या लहान गावात. वडील गवंडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं हाताखाली. भाऊ खालून विटा फेकायचे आणि जेरी परांचीवर उभा राहून त्या झेलायचा. वीट झेलताना हात ताठ ठेवला तर बोटं सोलवटतात, म्हणून हात विटेबरोबर थोडा मागे न्यावा लागतो. क्रिकेटमध्ये स्लिपचा क्षेत्ररक्षक हेच करतो. शिवाय दुसरी वीट निघालेली असल्याने पहिली पटकन बाजूला ठेवायची सवय लागते. बोटांची पकड आणि नजर यांना त्याचा फायदा झालाच असणार. पण या गोष्टीला फार श्रेय देऊ नये, कारण हाच विटा झेलणारा मुलगा व्यावसायिक खेळातल्या पहिल्या वर्षी सोपे सोपे झेल सोडत होता. त्याकडे येतोच.

कॉलेज म्हणजे मिसिसिपी व्हॅली स्टेट, इट्टा बेना गावातली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची परंपरा असलेली संस्था. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तिथे प्रशिक्षक आर्ची कूली आणि क्वार्टरबॅक विली टॉटन यांनी त्या काळात कुणी फेकत नसे इतका चेंडू हवेत फेकला. १९८४ मध्ये संघाची सरासरी सामन्यामागे ६० गुणांच्या आसपास होती आणि राइसने एका हंगामात २७ टचडाऊन केले. याचा खरा लाभ सरावाच्या संख्येत आहे. धावण्यावर भर देणाऱ्या संघात रिसीव्हर सामन्यात पाच-सहा वेळा चेंडू बघतो. इथे तो त्याच्या कित्येक पट बघत होता.

फोर्टी-नाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याला एका हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर पाहिलं, असं ते सांगत. संघ नुकताच विजेता ठरल्यामुळे १९८५ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) त्यांचा क्रमांक २८वा, म्हणजे शेवटचा होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सना आपल्या पहिल्या तीन फेऱ्यांच्या निवडी देऊन त्यांनी १६वा क्रमांक घेतला आणि राइसला उचललं. त्याच्याआधी अल टून आणि एडी ब्राउन हे दोन रिसीव्हर गेले होते.

पहिलं वर्ष: ४९ झेल, ९२७ यार्ड, ३ टचडाऊन, आणि हातून निसटलेले इतके चेंडू की घरच्याच मैदानावर प्रेक्षक ओरडले. कारण हातात नव्हतं, डोक्यात होतं. वॉल्श यांचं प्लेबुक, म्हणजे ठरलेल्या खेळींची वही, अतिशय दाट होतं आणि त्यात रिसीव्हरला धावता धावता बचावाची मांडणी वाचून रूट बदलावा लागे. खेळाडू विचारात असला की चेंडूवरची नजर शेवटच्या एक-दोन यार्डांत सुटते. पुढे कुठे पळायचं ते बघण्यासाठी मान आधीच फिरते. चेंडू बोटांना लागून खाली पडतो तो याच क्षणी. नवख्या रिसीव्हरचे बहुतेक सुटलेले झेल या प्रकारचे असतात, आणि त्यावर हातांचे व्यायाम देणं म्हणजे पोट दुखत असताना डोक्याला बाम लावणं. उपाय दोन: रूट इतके पाठ करायचे की विचार उरू नये, आणि चेंडूचं टोक हातात शिरताना दिसेपर्यंत मान हलवायची नाही. त्याच वर्षी डिसेंबरात लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध राइसने १० झेलांत २४१ यार्ड काढले. पुढच्या वर्षी ८६ झेल, १,५७० यार्ड, १५ टचडाऊन. प्लेबुक अंगात मुरलं होतं.

आता त्या पद्धतीतली एक गोष्ट जवळून बघू, कारण राइस म्हणजे काय ते इथे कळतं: स्लँट. उजव्या कडेला उभा असलेला रिसीव्हर आतला, म्हणजे मैदानाच्या मधल्या बाजूचा पाय पुढे ठेवून उभा राहतो. मागच्या, बाहेरच्या पायाने पहिलं पाऊल, आतल्याने दुसरं, बाहेरच्याने तिसरं. या तिसऱ्या पावलावर पूर्ण भार देऊन तो तिरका आत कापतो. त्याच वेळी क्वार्टरबॅक तीन पावलं मागे जातो आणि तिसरं पाऊल टेकताच चेंडू सोडतो. रिसीव्हर वळतो तेव्हा चेंडू हवेत असतो किंवा निघण्याच्या बेतात असतो. तो छातीच्या थोडा पुढे यायला हवा, म्हणजे झेलताना पाय थांबत नाहीत.

यात चुका कुठे होतात? तिसरं पाऊल फार लांब पडलं तर पाय घसरतो. फार आखूड पडलं तर वळण गोलाकार होतं, आणि त्या गोलाईत कॉर्नरबॅक आतून घुसून चेंडू पळवतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे वळल्यावर चेंडूसाठी वेग कमी करणं. अर्धं पाऊल जरी रोखलं तरी सेफ्टी पोचतो, आणि पाच यार्डांचा झेल पाच यार्डांचाच राहतो. राइस त्याच पाच यार्डांच्या झेलाचे साठ-सत्तर यार्ड करायचा, कारण चेंडू हातात येतानाची त्याची पावलं आणि त्याआधीची पावलं यांत फरक सापडत नाही. वॉल्श यांची सगळी मांडणी अशा छोट्या, वेळेवर सोडलेल्या चेंडूंवर उभी होती, आणि क्वार्टरबॅक म्हणून जो मॉन्टाना (Joe Montana) याच्यासारखा अचूक फेकणारा सोबत होता. दुसऱ्या एखाद्या संघात, जिथे लांब चेंडू फेकून कोण जास्त वेगाने पळतो ते बघत, तिथे राइस चांगलाच ठरला असता, पण इतका नाही.

झेलाबद्दल थोडं. चेंडू छातीच्या वर आला तर अंगठे एकमेकांजवळ, बोटं पसरलेली, मधे चौकटीसारखी फट. कमरेखाली आला तर करंगळ्या जवळ. खांद्यावरून मागून आला तर तळवे वर, करंगळ्या जवळ. छातीवर चेंडू घेणं टाळायचं, कारण चारशे ग्रॅमचा हवा भरलेला चेंडू छातीच्या पॅडवरून उडतो. मग चेंडूचं पुढचं टोक तळव्यात, मागचं कोपराच्या वळणात, आणि बाहू बरगड्यांना चिकटवलेला. राइस सरावात घेतलेला प्रत्येक झेल, कितीही छोटा असो, थेट गोलरेषेपर्यंत धावत न्यायचा. बघणाऱ्यांना तो दिखावा वाटे. त्याचा उपयोग हा की झेलानंतरची पहिली तीन पावलं आपोआप पडू लागतात. सामन्यात नेमकी त्याच पावलांना उसंत नसते.

मॉन्टानाच्या कोपराच्या दुखापतीनंतर १९९१ पासून क्वार्टरबॅक म्हणून स्टीव्ह यंग आला, आणि तो डावखुरा. हा बदल बाहेरून क्षुल्लक वाटतो. उजव्या हाताने फेकलेला चेंडू फेकणाऱ्याच्या बाजूने बघता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि लांबवर किंचित उजवीकडे सरकतो. डाव्याचा उलटा फिरतो आणि डावीकडे सरकतो. बोटांवर घासण्याची दिशाही बदलते. अनेक वर्षं एकाच फिरकीला सरावलेल्या हातांना हे पुन्हा शिकावं लागतं. मॉन्टानाकडून राइसला नियमित हंगामात ५५ टचडाऊन मिळाले होते. यंगकडून ८५ मिळाले. 'मॉन्टाना होता म्हणून राइस झाला' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

आता मेहनतीचा भाग, म्हणजे राइसची टेकडी. सॅन कार्लोसजवळच्या एजवुड पार्कमध्ये सुमारे चार किलोमीटरची चढाची पायवाट आहे. राइस आणि संघातला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) रॉजर क्रेग हंगाम नसताना तिथे पळायचे. सकाळी धाव, नंतर वजनं, आठवड्याचे बहुतेक दिवस. चढावर पाऊल आपोआप आखूड पडतं, गुडघा वर येतो, आणि जमिनीचा आघात सपाट मैदानापेक्षा कमी बसतो. पूर्ण वेगात मांडीच्या मागचा स्नायू ताणून फाटण्याचा धोकाही चढावर कमी. दमसास वाढवताना सांधे वाचवायचे असतील तर यापेक्षा स्वस्त साधन नाही. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी चार किलोमीटरपासून सुरुवात करू नये. साठ-ऐंशी मीटरचा मध्यम चढ घ्या, सहा ते आठ फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, आणि उतरताना चालत उतरा. लोक हमखास उतारावर धावतात आणि गुडघे दुखवून घेतात. कंबरेतून वाकायला लागलात की त्या दिवसाचं काम संपलं. त्यापुढच्या फेऱ्या चुकीची धाव शिकवतात.

एवढं करूनही शरीर तुटतंच. ३१ ऑगस्ट १९९७, टँपा बे. चेंडू घेऊन आडवा धावताना प्रतिस्पर्धी बचावपटू वॉरन सॅपने त्याला हेल्मेटच्या जाळीला धरून खाली ओढलं आणि डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटले. साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला तो परत आला, टचडाऊन झेलला, आणि पडताना त्याच गुडघ्याची वाटी तडकली. हा निर्णय चुकीचा होता, हे स्पष्ट म्हणायला हवं. अशा शस्त्रक्रियेत नवीन पट्टी बऱ्याचदा वाटीखालच्या बंधातून, वाटीच्या हाडाचा छोटा तुकडा घेऊन बसवतात. ती पट्टी मुरायला आणि हाड भरायला महिने लागतात. आज साधारण नऊ महिन्यांच्या आत मैदानावर पाठवत नाहीत. राइसच्या इच्छाशक्तीचं उदाहरण म्हणून ही घटना सांगतात. तरुण खेळाडूंना ती घाईचं उदाहरण म्हणून सांगावी.

तरीही त्या दुखापतीनंतरच्या सात हंगामांत त्याने ४९२ झेल आणि ६,४४० यार्ड केले. २००१ मध्ये रेडर्सकडे गेला आणि त्या हंगामात १,१३९ यार्ड. २००२ मध्ये, ज्या वर्षी चाळीस पूर्ण केली, ९२ झेल आणि १,२११ यार्ड. या वयात सरळ वेग गेलेलाच असतो. उरतं ते वळण, वेळ आणि वाचन, आणि त्याचा खेळ पहिल्या दिवसापासून त्यावरच उभा होता. ज्यांचा खेळ निव्वळ वेगावर असतो त्यांची तिशीनंतर अशी पुंजी उरत नाही.

एक डागही आहे. २०१५ मध्ये राइसने टीव्हीवर कबूल केलं की हातमोज्यांवर तो थोडा चिकट द्रव लावत असे. लीगने तो १९८१ मध्येच, म्हणजे त्याच्या पदार्पणाआधी, बंद केला होता. त्या काळात बरेच जण लावत, असं तो नंतर म्हणाला. नियम मोडला तो मोडला. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही हे झाकू नये. मोकळं होणं आणि झेलानंतर धावणं यांत चिकटपणाची मदत होत नाही, म्हणून त्याच्या थोरवीबद्दलचं मत बदलत नाही, पण नोंद राहायला हवी.

विक्रम मोडेल का? हिशेब करा. दर हंगामी १,२०० यार्ड, सलग १९ हंगाम, एकही दुखापत नाही, तरी ९५ यार्ड कमी पडतात. २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाला आणि आता चेंडू फेकलाही जास्त जातो, त्यामुळे एका हंगामाचे विक्रम पडत राहतील. राइसने १९८७ मध्ये संपामुळे केवळ १२ सामन्यांत झेलांचे २२ टचडाऊन केले होते. रँडी मॉसने २००७ मध्ये १६ सामन्यांत २३ करून तो आकडा मागे टाकला. एकूण यार्डांचं तसं नाही. तिथे उत्तम वर्षांपेक्षा वर्षांची संख्या भारी पडते.

सामने बघायचे तर तीन पुरेत. पहिला, २२ जानेवारी १९८९ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध. राइसचे ११ झेल, २१५ यार्ड आणि सामनावीराचा मान. शेवटच्या ९२ यार्डांच्या चढाईत दुसऱ्या प्रयत्नाला २० यार्ड हवे असताना त्याने मधल्या पट्ट्यात तीन बचावपटूंच्या गराड्यात झेल घेऊन २७ यार्ड काढले. चेंडू येताना पाय बघा, हात नंतर. विजयी टचडाऊन जॉन टेलरचा. त्या खेळीत राइस आडवा सरकून बचावाची नजर आपल्याकडे ओढतो, तेही बघा.

दुसरा, २९ जानेवारी १९९५, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध. तिसऱ्याच खेळीत ४४ यार्डांचा टचडाऊन, दोन सेफ्टींच्या मधून. पुढे खांदा निखळूनही एकूण तीन टचडाऊन.

तिसरा फारसा कुणी सुचवत नाही: ११ नोव्हेंबर २००२, डेन्व्हरमध्ये रेडर्सचा ३४-१० असा विजय. या सामन्यात राइस कारकिर्दीत २०० टचडाऊन करणारा पहिला खेळाडू ठरला. चाळिशी ओलांडून महिनाही झाला नव्हता. त्याच्यासमोरचा कॉर्नरबॅक किती मागे उभा राहतो, ते मोजत बघा.